अर्ध्या चौकटीतला अंधार

हे मी आजवर कुणाजवळही बोललेलो नाही. बायकोजवळसुद्धा नाही. आयुष्यातल्या फजित्या मी तिला सांगितल्या आहेत — नोकरीतल्या, मित्रांमधल्या, काही तर लाज वाटावी अशा. पण फजितीत माणूस स्वतः हास्यास्पद ठरतो आणि मोकळा होतो. इथे तसे झाले नाही. इथे मी स्वच्छ, प्रतिष्ठित, सगळ्यांचा आवडता राहिलो — आणि जे व्हायचे ते दुसऱ्याच कुणाचे तरी झाले.

तुम्ही मला ओळखत नाही. कदाचित म्हणूनच सांगणे जमेल.

मी मीरा रोडला राहायला आलो तेव्हा माझी चाळिशी जवळ आली होती. गिरगावातल्या दोन खोल्या सोडून इथे हॉल आणि बेडरूम असलेले घर घेतले होते. दिवसभर कचेरीत फायली, आणि सुट्टीच्या दिवशी छायाचित्रण. छंद म्हणून सुरू केले, पुढे लग्नामुंजीची कामेही घेऊ लागलो. आमच्या सोसायटीच्या कार्यालयात रविवारी सकाळी हौशी लोकांना मी धडे देत असे. गती कशी पकडावी, कशी थांबवावी, हा माझा आवडीचा धडा. शटरचा वेग कमी ठेवला तर पळणारे मूल धुरासारखे पुसट उमटते. वेग वाढवला तर नळातून पडणारे पाणीसुद्धा काचेच्या मण्यांसारखे हवेत अडकून राहते. लोक थक्क होत. मला ते थक्क होणे आवडे — किती आवडे, हे आता आठवले की अंगावर शिसारी येते.

आमच्या समोरच्या विंगमध्ये मालतीवहिनी राहत. घर मूळचे रत्नागिरीकडचे. यजमान हाटकेशच्या एका कारखान्यात, मोठा मुलगा संदेश कुरियरच्या कचेरीत, धाकटा शिकत होता, मुलगी लग्न होऊन सासरी गेलेली. संदेशचे लग्न महाडजवळच्या एका मुलीशी ठरले. तिचे नाव मनीषा. फोटोचे काम अर्थातच माझ्याकडे आले. वहिनी म्हणाल्या होत्या, “भाऊ, घरचंच कार्य आहे. बाहेरचा माणूस कशाला?”

त्या काळी माझ्याकडे जुना, फिल्मचा कॅमेरा होता. तो कसा चालतो ते थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही. त्याच्या पोटात दोन कापडी पडदे असतात; त्यांनाच शटर म्हणतात. खटका दाबला की पहिला पडदा एका बाजूने सरकतो आणि प्रकाश आत येतो. दुसरा त्याच्या मागून येऊन चौकट बंद करतो. वेग साठच्या आकड्यावर, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागावर, असेल तर दोन्हींच्या मधे एक क्षण असा येतो, की सगळी चौकट उघडी असते. फ्लॅश नेमका त्याच क्षणी चमकतो. वेग त्याहून वाढवला, तर पहिला पडदा पुरता सरकण्याआधीच दुसरा निघालेला असतो. मग फ्लॅशच्या उजेडात अर्धी चौकट उजळते आणि अर्धी झाकलेलीच राहते. तिथे फक्त काळोख छापला जातो. म्हणून फ्लॅश लावला की साठच्या वर जायचे नाही — रविवारच्या माझ्या वर्गातला हा अगदी पहिला नियम होता.

लग्न भाईंदरच्या एका हॉलमध्ये लागले. अंतरपाटाच्या एका बाजूला संदेश, दुसऱ्या बाजूला मनीषा. शेवटची मंगलाष्टका सुरू झाली, आणि माझ्या मनात आले, की आता अक्षता उडतील. ते लालसर दाणे हवेत जागच्या जागी थांबलेले दाखवले तर? असा फोटो इथे कुणाकडेच नसेल. मी वेगाची चकती फिरवली. साठवरून एकशेपंचवीसवर. विचार केला नाही. इतरांना शिकवलेला नियम माझ्या बोटांना आठवला नाही — की असे नियम नवशिक्यांसाठी असतात, असे कुठेतरी वाटून गेले? आणि याची गरजही नव्हती. फ्लॅशची चमक स्वतःच इतकी क्षणिक असते, की दाणे तसेही थांबले असते.

अक्षता पडल्या, अंतरपाट दूर झाला, एकमेकांना हार घातले गेले. मी एकाच जागेवरून काढत राहिलो. मग रोल संपला. नवा भरताना सवयीने चकती साठवर आणली, आणि मला काहीच कळले नाही.

कळले ते निगेटिव्ह उजेडापुढे धरल्यावर. त्या सगळ्या चौकटींत संदेशची बाजू नीट होती आणि मनीषाची बाजू गेलेली. तिच्यामागे उभे असलेले मामा, करवली, तिची आई, सगळेच गेले होते. सरळ रेषेत कापल्यासारखे. एका क्षणात मला कारण समजले. तेव्हा मला दुःख झाले का? नाही. मला फक्त माझे रविवारचे विद्यार्थी दिसले.

एक फोटो मात्र मी कॅमेरा उभा धरून काढला होता. त्यात काळोख बाजूला न पडता खालच्या भागात पडला होता. दोघेही कमरेपासून खाली सारखेच बुडालेले, दोघांचेही चेहरे लख्ख. ज्याला थोडी अक्कल आहे अशा कुणीही तो पाहिला असता तर ओळखले असते, की दोष यंत्र चालवणाऱ्याचा आहे. मी तो प्रिंट बाजूला काढला. घरी येऊन फाडला. बारीक बारीक फाडला.

तरीही — हे खरे सांगतो — फोटो घेऊन वहिनींकडचा जिना चढताना मी वाक्य जुळवले होते. ‘वहिनी, माझी चूक झाली.’ एवढेच म्हणायचे होते.

वहिनींनी फोटो दिवाणावर पसरले. त्यांची धाकटी बहीण आलेली होती, तीही वाकून पाहू लागली. मग वहिनी म्हणाल्या, “भाऊ, हे काय? माझा पोरगा कसा लख्ख आलाय. आणि ही?”

“हिची सगळी माणसंच काळोखात,” बहीण म्हणाली.

“कॅमेरा बिघडला असता तर संदेशपण काळा आला असता ना?” वहिनींनी मला विचारले. त्या खरोखरच विचारत होत्या. त्यांना माहीत नव्हते म्हणून विचारत होत्या.

माझे वाक्य तोंडात होते. पण त्यांनी माझ्यासमोर एक दार उघडले होते, आणि त्या दारातून मी इतक्या सहज बाहेर पडलो, की आजही विश्वास बसत नाही. मी म्हणालो, “हो ना. कॅमेरा अगदी ठीक आहे. माझ्याकडून असं आधी कधीच झालं नव्हतं.”

पाहा, यातले एकेक वाक्य सुटे घेतले तर खरे आहे. कॅमेरा ठीकच होता. आधी कधी झाले नव्हते, हेही खरेच. खऱ्या वाक्यांतून इतकी घाण तयार करता येते, हे मला त्या दिवशी कळले. आणि मी चहा घेऊन घरी आलो.

मनीषा तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. चहा तिनेच आणला होता.

पुढे काय झाले असेल, याचा अंदाज तुम्हाला येईल. मला तेव्हाच आला होता, म्हणून ‘मला कल्पना नव्हती’ असे म्हणायची सोय माझ्यापाशी नाही. वहिनी दुष्ट नव्हत्या, भित्र्या होत्या. काही महिन्यांत यजमानांचा कारखाना बंद झाला. तेव्हा वहिनी ते फोटो घेऊन गावी गेल्या, गुरवाकडून देवीला कौल लावला. देवीने काय सांगितले ते देवीला माहीत. वहिनींनी आणले ते एवढेच, की सुनेवर सावली आहे, तिने सोमवार धरावेत, आणि सावली सरेपर्यंत शुभकार्यात पुढे येऊ नये. संदेश भला मुलगा. तो तिला म्हणाला, “आईच्या समाधानासाठी कर.” भली माणसे असेच म्हणतात.

वहिनींच्या मुलीच्या बाळाचे बारसे सोसायटीच्या हॉलमध्ये झाले. फोटो काढायला मीच होतो. पाळण्याभोवती बायका जमल्या. मनीषा हौसेने नवी साडी नेसून आली होती. तीही पाळण्याची दोरी धरायला पुढे झाली.

“मनीषा, तू जरा तिकडे पाण्याचं बघ,” वहिनी म्हणाल्या.

“पाणीच बघू दे गं तिला,” त्यांची बहीण म्हणाली. “नाहीतर फोटो बघून लोक म्हणतील, बारसं अमावास्येला केलं काय?”

सगळ्या हसल्या. मनीषाही हसली, असे हसायचे असते म्हणून. आणि मीही हसलो. कॅमेरा डोळ्याला लावलेला असल्यामुळे माझे हसणे कुणाला नीट दिसले नसेल. मला मात्र ते अजून ऐकू येते — घशातून आलेले, खुशामतीचे हसणे. मग मी चकतीवर साठचा आकडा तपासला. दोनदा तपासला. त्या दिवसापासून मी कधीच चुकलो नाही. त्या घरातले माझे सगळे फोटो उत्तम आले. त्यांतल्या एकातही मनीषा नव्हती. हळूहळू तिला सांगावे लागेनासे झाले. मी पिशवीतून कॅमेरा काढला, की ती आपणहून मागे सरे.

असे वाटेल, की माझा अपराध हाच. नाही. इथवर मी निदान गप्प होतो. गप्प राहणाऱ्याला तरी म्हणता येते, की मी काही केले नाही. खरे सांगायचे ते पुढेच आहे, आणि ते लिहायच्या आधी मी इतकी पाने का खर्च केली, हे मला कळते आहे.

एके दुपारी मनीषा आमच्या घरी आली. माझी बायको बाहेर गेली होती. मनीषा दारातच उभी राहिली. म्हणाली, “काका, माझा एक फोटो काढाल? एकटीचा.”

“काढू की. कशाला हवाय? रेशन कार्डाला?”

“नाही.” ती म्हणाली. “येते का बघायचंय.”

मला आधी समजलेच नाही. समजले तेव्हा मी वळून कॅमेऱ्याची पिशवी शोधू लागलो. ती टेबलावर समोरच होती.

आम्ही गच्चीवर गेलो. स्वच्छ ऊन होते. पाण्याच्या टाकीजवळ ती उभी राहिली. दोन्ही हात साडीला चिकटवून, श्वास रोखून. पापणीसुद्धा हलवत नव्हती. तिला वाटत होते, की आपण जरा हललो तर पुन्हा नाहीशा होऊ. मी किती सहज सांगू शकलो असतो! ‘मनीषा, श्वास घे. तू त्या दिवशीही होतीस. पडदा माझ्या कॅमेऱ्यातला होता.’ गच्चीवर तिसरे माणूस नव्हते. वहिनी नव्हत्या, विद्यार्थी नव्हते. लाज वाटावी तर फक्त तिच्यासमोर. आणि तिने माझे काय केले असते? ती मला रागावली तरी असती का?

मी खटका दाबला.

फोटो चांगला आला. चांगलाच येणार होता. मी तो पाकिटात घालून तिला दिला, जिन्यातच. तिने तो बाहेर काढला आणि बघत राहिली. “आलेय,” ती म्हणाली. मग बोट स्वतःच्या चेहऱ्यावरून हळूच फिरवले, फोटोतल्या. मग माझ्याकडे पाहून तिने विचारले, “म्हणजे गेलं ना, काका?”

मी म्हणालो, “हो. गेलं.”

हेच ते. हे दोन शब्द.

नीट पाहा त्यांच्याकडे. ‘गेलं’ म्हणजे होते. आजवर तिच्या सासूने म्हटले होते, सासूच्या बहिणीने म्हटले होते, गुरवाने म्हटले होते. पण ते फोटो ज्याने काढले, ज्याला कॅमेऱ्यातले सगळे कळते, तो शिकलेला माणूस म्हणाला नव्हता. आता तोही म्हणाला. तिच्या मनात जी शेवटची शंका उरली असेल — की कदाचित माझ्यात काहीच नसेल — ती मी माझ्या हाताने संपवली. तिच्या डोळ्यांत पाणी आले आणि मी तिच्या खांद्यावर थोपटले. थोपटले! त्या हाताकडे पाहून मला ओकारी यायला हवी होती. तेव्हा आली नाही. तेव्हा मला दयाळू वाटले.

तिने सोमवारांचे उद्यापन केले. उद्यापनाला मेहूण जेवायला घालतात हे तुम्हाला माहीत असेल, एखादे नवराबायकोचे जोडपे देवाच्या जागी मानून. तिने आम्हा दोघांना बोलावले. माझी बायको आनंदाने तयार झाली. मला काही कारण सांगता आले असते, मी सांगितले नाही. पाटावर बसलो. तिने आमच्या पायांवर पाणी घातले, कुंकू लावले, वाकून नमस्कार केला. तिचे केस माझ्या पावलांना लागले. मग पुरण वाढले, त्यावर तूप. मी जेवलो. दुसऱ्यांदा पुरण मागून घेतले. वहिनी कौतुकाने म्हणाल्या, “भाऊ, तुमच्याच हातून गेलं बघा तिचं.” मी हात जोडले. आज त्या पुरणाची चव आठवली तर तोंडात आंबट पाणी येते. पण मी पोट भरून जेवलो होतो, हे लपवण्यात काय अर्थ?

त्यानंतर मनीषा पुन्हा फोटोंत येऊ लागली. कडेला, पण येऊ लागली. सोमवार तिने सोडले नाहीत. म्हणायची, गेलेले परत यायला नको. मी स्वतःशी म्हणत असे, तिचे बरे चालले आहे, आता खरे सांगून तिची श्रद्धा कशाला मोडायची? हे मी कित्येक वर्षे म्हणत आलो. हा माझ्या सगळ्या खोटेपणातला सर्वांत सोज्वळ आणि सर्वांत किळसवाणा भाग.

संदेशच्या लग्नाला दहा वर्षे होत आली तेव्हा वहिनींच्या धाकट्या मुलाचे लग्न झाले. नवी सून रूपाली, पदवीधर, बोलकी. तोवर मी लग्नाची कामे बंद केली होती. घरोघरी डिजिटल कॅमेरे आले होते. कुणातरी पाहुण्याने हॉलच्या मंद उजेडात, फ्लॅश न लावता, हार घालतानाचा तिचा फोटो काढला. उजेड कमी, म्हणून कॅमेऱ्याने आपोआप शटर मंद केले. ती हसून मान वळवत होती. तिचा चेहरा पुसल्यासारखा पसरला. अशी हजार चित्रे मी वर्गात दाखवली आहेत.

मनीषा तिला घेऊन माझ्याकडे आली. हातात त्या फोटोचा प्रिंट होता. तिने जावेच्या पाठीवर हात ठेवला होता — प्रेमाने, खरोखर प्रेमाने. स्वतःवर आलेले दुसरीवर येऊ नये म्हणून.

“काका, हिचं बघा. चेहराच नाही आला. आई घाबरल्यात. मी हिला म्हटलं, घाबरू नकोस, माझंही होतं, सोमवारांनी गेलं. ही ऐकत नाही. तुम्हीच सांगा, तुम्ही बघितलंय.”

रूपाली माझ्याकडे पाहून किंचित हसली. म्हणाली, “काका, मला वाटतं मी हलले असेन.”

ती बरोबर होती. मी नुसते ‘हो’ म्हणायचे होते. एक अक्षर. पण ते म्हटले, की शेजारी उभ्या असलेल्या बाईने लगेच विचारले असते, मग माझे काय होते? आणि तो प्रश्न मला नको होता. इतक्या वर्षांचे उपास, बारशातले ते मागे सरणे, माझ्या पायांवर घातलेले पाणी — त्या सगळ्यांचा हिशोब तिने माझ्या डोळ्यांत पाहिला असता. मी प्रिंट हातात घेतला. चष्मा लावून पाहिल्यासारखे केले.

“उपास केल्याने काही बिघडत तर नाही,” मी म्हणालो.

रूपालीचे हसणे थांबले. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिले. तिला कळले असेल का, की या माणसाला ठाऊक आहे? मला वाटते, कळले. मग तिने नजर काढून घेतली, आणि पुन्हा कधी माझ्याशी मोकळेपणाने बोलली नाही.

“बघ, काकासुद्धा तेच म्हणतायत,” मनीषा म्हणाली.

पुढच्या सोमवारी दोघी बेल घेऊन देवळात जाताना मी गॅलरीतून पाहिल्या. रूपाली एक पाऊल मागे चालत होती. तिने उपास धरला होता. ती अजूनही धरते.